नातवंडं जूनमध्ये येतात, शिबिरं मेमध्ये संपतात

पत्र (थोडं संक्षिप्त करून): "माझी मुलगी न्यू जर्सीत असते. तिची दोन मुलं, नात ११ वर्षांची आणि नातू ७ वर्षांचा, २५ जून ते ८ ऑगस्ट आमच्याकडे विलेपार्ल्याला राहायला येणार आहेत. मुलगी पहिले दोन आठवडे असेल, मग नोकरीसाठी परत जाईल. नातीला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. नातवाला फारसं कळतही नाही. नात तिकडे फुटबॉल खेळते, तिचा सराव तुटू नये असं मुलीचं म्हणणं. मला वाटतं, या दीड महिन्यात दोघांनी मराठी बोलायला लागावं. चार ठिकाणी फोन केले, सगळीकडे शिबिरं संपली म्हणाले. मराठीचे वर्ग आहेत ते मोठ्या माणसांचे, नाहीतर ऑनलाइन. ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका रोज दोन तास घरी येऊन बाराखडी शिकवायला तयार आहेत. जवळच्या मराठी शाळेत दोघांना नुसतं बसवता येईल का, असंही डोक्यात आलं. मागच्या खेपेला मुलं सारा वेळ टॅबलेट घेऊन बसली होती. यजमानांचे गुडघे दुखतात, मलाही त्यांच्यामागे धावणं होत नाही. काय करावं? – एक आजी, विलेपार्ले"

नमस्कार आजी,

चारही ठिकाणी तुम्हाला एकच उत्तर मिळालं याचं मला नवल वाटलं नाही. आपल्याकडची शिबिरं एप्रिल-मेच्या सुट्टीवर बेतलेली असतात. जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या की शिबिरवाले गाशा गुंडाळतात, आणि न्यू जर्सीतल्या शाळा नेमक्या त्याच सुमारास बंद होतात. तुमची नातवंडं सुट्टी घेऊन उतरतील तेव्हा इथली मुलं नव्या वह्यांना कव्हरं घालत असतील. अमेरिकेतून मुलं येणाऱ्या घराघरांत दरवर्षी हा घोळ होतो. तेव्हा शिबिरांची चौकशी आजपासून बंद करा आणि जे बारा महिने चालतं ते शोधा. संध्याकाळची व्यायामशाळा, खो-खोचा संघ, पोहण्याच्या बॅचेस, टर्फवरचा फुटबॉल. तिथे परदेशातून आलेल्या मुलांसाठी खास असं काही नसतं, आणि तुमच्या कामाची गोष्ट तीच आहे. खास त्यांच्यासाठी काढलेल्या वर्गात त्यांना भेटणार कोण, तर दुबई, सिंगापूर आणि टेक्सासहून आलेली, इंग्रजीत बोलणारी आणखी मुलं.

पत्रात दोन मागण्या आहेत. मुलीला खेळ हवा, तुम्हाला मराठी. फुटबॉलच्या अकादमीत नाव घातलं की दोन्ही साधेल असं वाटणं साहजिक आहे, पण ते होणार नाही. मुंबईत टर्फवरचा प्रशिक्षक बहुतेक वेळा हिंदी-इंग्रजीत शिकवतो, मुलं आपसांत हिंदीत ओरडतात, आणि अमेरिकेची मुलगी आली म्हटल्यावर प्रत्येक जण तिच्याशी हौसेनं इंग्रजी झाडतो. सहा आठवड्यांनी ती परत जाईल तेव्हा फुटबॉल सुधारलेला असेल, चार हिंदी शब्द आलेले असतील, मराठी जिथल्या तिथे. म्हणून दोन जागा वेगळ्या धरा. फुटबॉल हा नातीचा हक्काचा खेळ, तो आठवड्यातून दोनदा. आणि मराठी बोलणाऱ्या मुलांमधला एक खेळ, दोघांसाठी मिळून, जमेल तर रोज.

मराठी बोलणारी मुलं कुठे आहेत हे माहितीपत्रकावरून कळत नाही. जागा ठरवण्याआधी संध्याकाळी तिथे जाऊन अर्धा तास कठड्यावर बसा. प्रशिक्षक काय बोलतो याकडे फार लक्ष देऊ नका, पालकांसमोर सगळेच जरा वेगळं बोलतात. मुलं भांडतात कुठल्या भाषेत, ते ऐका. "ए, माझा नंबर होता" हे मराठीत ऐकू आलं तर जागा बरोबर. पालकांना बसून बघू देतात की नाही, हेही त्याच वेळी कळेल. जिथे "पालकांनी थांबायचं नाही" असा नियम असेल, तिथे मी मूल ठेवणार नाही, संस्था कितीही नावाजलेली असो.

माझी पहिली पसंती मल्लखांबाला. यात आपल्या मातीचा अभिमान वगैरे नाही, सरळ हिशेब आहे. एक तर हा खेळ पावसात बंद पडत नाही, बहुतेक ठिकाणी छपराखाली चालतो. दुसरं म्हणजे दोघा भावंडांच्या वयात चार वर्षांचं अंतर असूनही दोघं एकाच वेळी, एकाच हॉलमध्ये शिकू शकतात. नातू पुरलेल्या मल्लखांबाशी झटेल, नातीला दोरीचा मल्लखांब आवडेल असा माझा अंदाज आहे. फुटबॉल खेळणाऱ्या मुलीचे पाय तयार असतात, पण हात आणि खांदे तेवढे नसतात, आणि दोरीवर सगळा भार तिथेच येतो. अकरा वर्षांच्या मुलीला आपल्याला न जमणारी गोष्ट समोर सातवीतली एखादी पोर सहज करताना दिसली, की टॅबलेट आपोआप मागे पडतो.

तिसरं कारण भाषेचं. मल्लखांब शिकवणारा माणूस दिवसभर आज्ञा देत असतो. पाय ताण. मान वर. पकड सोडू नको. सावकाश उतर. मूल ऐकतं आणि अंगानं उत्तर देतं, तोंडानं द्यावं लागत नाही. जेम्स अ‍ॅशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात परकी भाषा शिकवण्याची जी पद्धत मांडली तिचा गाभा हाच होता: आधी आज्ञा ऐकून हालचाल करू द्या, बोलायची घाई करू नका, बोलणं मागाहून येतं. आपल्या व्यायामशाळांतून हे कोणी पद्धत म्हणून करत नाही, पण होतं तेच. सात वर्षांच्या तुमच्या नातवाला मराठी फारसं कळत नाही, त्याची सुरुवात इथून होऊ द्या. "उजवा पाय" आणि "डावा पाय" त्याला दोन दिवसांत येईल, कारण चुकला तर तो गादीवर पडेल.

मुंबईत या खेळाचं मोठं ठिकाण म्हणजे शिवाजी पार्कचं श्री समर्थ व्यायाम मंदिर, १९२५ सालचं. तिथले ज्येष्ठ प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवाजी पार्कलाच झाली, परदेशातून संघ आले होते. म्हणजे परदेशातलं मूल हॉलमध्ये आलं तर तिथे कोणी डोळे विस्फारणार नाही. पण तुम्ही पार्ल्याला राहता. संध्याकाळी दादरला जाणं सोपं, साडेसातला परत येणाऱ्या लोकलमध्ये दोन मुलांना घेऊन चढणं नाही, आणि गुडघेदुखीचा माणूस सोबत असेल तर मुळीच नाही. तेव्हा फोन करून एवढंच विचारा की अंधेरी-पार्ले-सांताक्रूझ पट्ट्यात कोण शिकवतं. अशा जुन्या संस्थांत शिकलेली माणसं उपनगरांत पसरलेली असतात. शिवाजी पार्कला एका रविवारी सकाळी मुलांना नुसतं बघायला न्या.

मल्लखांब जवळपास मिळालाच नाही, तर खो-खो. नऊ जणांचा संघ, आठ जण ओळीत आळीपाळीनं उलटसुलट तोंडं करून बसलेले, एक जण पाठलागावर. नियम पाच मिनिटांत कळतात, साहित्य लागत नाही, आणि आवाज दिल्याशिवाय हा खेळ पुढे सरकतच नाही, त्यामुळे लाजरं पोरही तोंड उघडतं. नातीला सांगा की जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला, आणि प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. एखाद्या संघात खेळणाऱ्या मुलीला या गोष्टीचं वजन कळतं. अडचण एवढीच की खो-खो मैदानावरचा, आणि जुलैत मैदानात चिखल. जवळच्या शाळेचा किंवा क्लबचा संघ पावसाळ्यात हॉलमध्ये सराव करतो का, ते विचारून घ्या.

फुटबॉलबद्दल थोडक्यात. नातीच्या वयाला अमेरिकेत नऊ विरुद्ध नऊ असा खेळ असतो, मुंबईतल्या टर्फवर बहुधा पाच किंवा सात जणांचा असेल. मैदान लहान, चेंडू पायात सतत. तिच्या प्रशिक्षकाला हे आवडेलच, सराव तुटणार नाही. मुलीला सांगून ठेवा की नातीचे शिनगार्ड आणि टर्फवर चालणारे रबरी खिळ्यांचे बूट तिकडूनच आणा, पायाला सवयीचे बूट इथे ऐन वेळी मिळतीलच असं नाही. मुलींची वेगळी बॅच आहे का, नसेल तर मुलांच्या बॅचमध्ये आणखी मुली आहेत का, हे आधी विचारा. एकटी मुलगी म्हणून तिला उभं करू नका. अकादमीवाले तीन महिन्यांची फी एकदम मागतात. तुमचा मुक्काम सहा आठवड्यांचा आहे हे पहिल्याच वाक्यात सांगून महिन्याच्या हिशेबानं घेता का म्हणून विचारा. बरेच जण ऐकतात, कारण पावसाळ्यात त्यांची हजेरी पातळच असते. आणि मुंबईच्या पावसात साचलेल्या पाण्यात, चिखलाच्या मैदानावर खेळू द्यायचं नाही. पायाला खरचटलेलं असेल तर लेप्टोची, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती खरी आहे. चुकून तुंबलेल्या पाण्यातून चालत यावं लागलं तर वाट न बघता त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा. दिवस उलटून ताप आल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही.

पोहायला जायचं असेल तर पार्ल्यातलं प्रबोधनकार ठाकरे क्रीडा संकुल तुम्हाला माहीत असेलच. तलावावर डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि फोटो बहुतेक ठिकाणी लागतात, आणि बाहेरच्या पाहुण्याला थोड्या दिवसांसाठी प्रवेश कसा मिळतो याचे नियम प्रत्येकाचे वेगळे. मुलं येण्याआधी जाऊन विचारा. पोहणं छान आहे, पण तिथे तोंड पाण्यात असतं. भाषेच्या खात्यात ते धरू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगते. जुलै उजाडला की गल्लीतल्या गोविंदांचा सराव सुरू होतो. तुमचा नातू सात वर्षांचा, हलका, नवा, आणि कोणीतरी हौसेनं म्हणणारच की याला वर चढवू, फोटो अमेरिकेला पाठवू. चौदा वर्षांखालच्या मुलांना थरांत घ्यायला बंदी आहे. बघायला खुशाल न्या, तिथलं मराठी तर फारच जिवंत असतं. चढवायचं नाव काढलं तर स्पष्ट नाही म्हणा, यजमानांना भीड पडत असेल तर तुम्ही म्हणा.

आता शिक्षिकाबाईंचा प्रश्न. रोज दोन तास बाराखडी? नको, आजी. त्यांचा हेतू चांगला आहे हे मी जाणते. पण सुट्टीत आलेल्या मुलांना दुपारी टेबलाशी बसवून क का कि की गिरवायला लावलं, तर मराठी ही आजीकडे गेल्यावर भोगायची शिक्षा होऊन बसते, आणि पुढच्या वर्षी ती दोघं यायलाच कुरकुर करतील. शिवाय तुमच्या दोघा नातवंडांची गरज एक नाही. नातीला भाषा येते, बोलण्याची सवय नाही. घरात सगळ्यांना इंग्रजी कळतं हे तिला ठाऊक आहे, मग ती मराठी बोलण्याचे कष्ट कशाला घेईल? तिला शिकवण्यापेक्षा तिच्यावर वेळ आणावी लागते, म्हणजे समोरच्याला इंग्रजी फारसं येत नाही अशी माणसं तिच्या दिवसात यावी लागतात. नातवाला मात्र भाषा ऐकण्यापासून सुरुवात आहे. त्याच्याकडून पहिले दोन-तीन आठवडे एक वाक्यही आलं नाही तरी काळजी करू नका. मुलं आधी साठवतात. त्याला "बोल ना, म्हण ना" करून पाहुण्यांसमोर उभं करणं तेवढं टाळा.

बाईंना मी वेगळं काम देईन. आठवड्यातून तीनदा, पाऊण तास, आणि वहीऐवजी खेळ: पत्ते, कॅरम, नाव-गाव-फळ-फूल. नातीला वाचण्याची इच्छा झाली तरच अक्षरं. ती व्हावी असं वाटत असेल तर पुस्तकापेक्षा पश्चिम रेल्वे बरी. दादर आणि खार रोड या दोन स्थानकांच्या पाट्या घ्या: द, र, ख, ड ही चार अक्षरं, एक काना आणि एक ओकार, एवढ्यात दोन पाट्या वाचून होतात. फलकावर शेजारी इंग्रजीत तेच नाव असतं, त्यामुळे मूल स्वतःच ताडून बघतं. मग वांद्रे, माहीम, आणि सांताक्रूझपर्यंत पोचली की जोडाक्षरंही आली. दुकानांच्या पाट्याही आता कायद्यानं मराठीत, देवनागरीत असाव्या लागतात, तेव्हा पार्ल्याच्या बाजारातून चालणं हा वाचनाचा धडाच आहे. घरी वाचायला पातळ पुस्तकं ठेवा. बालभारतीचं "किशोर" मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात, पण ते नातीला सुरुवातीला जड जाईल. तिला आणि नातवालाही आधी प्रथम बुक्सचं "स्टोरीवीव्हर" उघडून द्या. तिथे मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, पहिल्या पातळीवर पानाला एखादं वाक्य असतं. टॅबलेट हातात असणारच आहे, तर निदान तो या कामी येऊ दे.

चुका कशा सुधारायच्या हे बाईंना आणि घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, विशेषतः काका-मामा मंडळींना. नात म्हणेल, "आजी, माझा चप्पल कुठे गेला?" त्यावर हसायचं नाही, नियम सांगायचा नाही, पुन्हा म्हणायला लावायचं नाही. "तुझी चप्पल? ती बघ, दाराशी आहे." बस्स. बरोबर रूप तिच्या कानावर पडलं आणि चप्पलही सापडली. "ळ" नीट येत नाही म्हणून जेवणाच्या टेबलावर तिची नक्कल करणारा एखादा मामा प्रत्येक घरात असतो, आणि तो प्रेमानंच करतो. त्यानं केलेली एक नक्कल महिन्याभराची कमाई घालवते. अकरा वर्षांच्या मुलीला आपण हास्यास्पद वाटलो हे लक्षात राहतं, गंमत लक्षात राहत नाही.

शाळेत बसवण्याचा विचार सोडून द्या. जून-जुलै म्हणजे शाळेत प्रवेश, पटपडताळणी, नवी पुस्तकं, मुख्याध्यापकांना श्वास घ्यायला फुरसत नसते. सहा आठवड्यांच्या, पटावर नाव नसलेल्या मुलाची जबाबदारी कोणी का घ्यावी? ओळखीतून एखाद्या दिवशी खेळाचा तास बघायला नेता आलं तर न्या.

तुमच्या पत्रातली खरी अडचण मला शेवटच्या ओळीत दिसली. ने-आण कोण करणार? त्यावर माझं उत्तर असं की इमारतीतली किंवा शेजारची एखादी कॉलेजात जाणारी मुलगी शोधा, मराठी घरातली, बोलकी, संध्याकाळी दोन तास मोकळी. तिला रीतसर पैसे द्या, फुकट उपकार नकोत, म्हणजे पावसाचं कारण सांगून ती दांडी मारणार नाही. ती दोघांना व्यायामशाळेत नेईल, थांबेल, परत आणेल. जाता-येता रस्ता ओलांडताना, चिखल चुकवताना, रिक्षावाल्याशी बोलताना जे मराठी कानावर पडेल ते कुठल्याच वर्गात मिळत नाही. तिला एकच अट घाला: मुलांशी इंग्रजी नाही. सुरुवातीला तिलाच हे कठीण जाईल, कारण तिला इंग्रजी बोलून बघायची हौस असणार. व्यायामशाळेतल्या सरांनाही हेच सांगा. आपण नकळत सांगतो, "यांना मराठी येत नाही हं", आणि मग सर बिचारे जमेल तसं इंग्रजी बोलायला लागतात. "यांच्याशी मराठीच बोला, नाही कळलं तर करून दाखवा," असं सांगा. अशी कॉलेजातली मुलगी हाताशी लागली तर तुमची संध्याकाळ मोकळी, गुडघ्यांनाही विश्रांती. हे एवढं एक जमलं तर बाकीच्यांत थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल.

तुमची मुलगी दोन आठवड्यांनी परत जाणार, म्हणून ती जाण्याआधी काही कागद करून घ्या. आईवडिलांच्या सहीचं पत्र, की मुक्कामात मुलांच्या उपचारांचा आणि खेळाच्या प्रवेशाचा निर्णय आजी-आजोबा घेऊ शकतात. पासपोर्टच्या प्रती, लसींची नोंद, कसली अ‍ॅलर्जी असेल तर ती. अमेरिकेतला आरोग्य विमा इकडे चालेलच असं नसतं आणि प्रवास विम्यात काही खेळ वगळलेले असतात, तो मजकूर तिनं निघण्यापूर्वी वाचावा. मुलांकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असेल तर वर्गांचा प्रश्नच येत नाही. पर्यटक व्हिसावर येत असतील तरीही घाबरू नका, स्थानिक भाषा, संगीत, नृत्य, हस्तकला अशा सहा महिन्यांच्या आतल्या, पदविका वगैरे न देणाऱ्या छोट्या अभ्यासक्रमांना त्या व्हिसावर परवानगी आहे. नियमित शाळाप्रवेशाची गोष्ट वेगळी, आणि ती आपण सोडलीच आहे.

वेळापत्रक भरगच्च करू नका. न्यू जर्सी आणि मुंबईत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक. पहिले चार-पाच दिवस मुलं रात्री दोनला टक्क जागी आणि संध्याकाळी पाचला पेंगलेली असतील, आणि व्यायामशाळेची वेळ नेमकी तीच. तेव्हा खेळ जुलैच्या पहिल्या सोमवारपासून लावा. शेवटचा आठवडा नातेवाईक, खरेदी आणि बॅगांचा. म्हणजे हातात महिना उरतो, आणि महिन्यात सात वर्षांचं मूल घडाघडा बोलायला लागत नाही. नात पाणी मागायला, भांडायला, "थांब, मी आले" म्हणायला मराठी वापरू लागली आणि नातवाला सांगितलेलं कळू लागलं, तर सहा आठवडे कारणी लागले असं मी समजेन. इथली मुलं शाळेत असतात त्या सकाळी रिकाम्याच राहू द्या. कंटाळा आल्यावर मुलं आजोबांकडे येतात आणि आजोबांना गुडघे न हलवता गोष्ट सांगता येते. रविवारी दीनानाथ नाट्यगृहात बालनाट्य लागलं असेल तर न्या. लोकमान्य सेवा संघात तर तुमचं जाणं असेलच, तिथे पावसाळ्यात मुलांसाठी काय चालतं याची चौकशी करा.

या सगळ्याच्या आधी मुलांना विचारायचं आहे. पुढच्या व्हिडिओ कॉलला मल्लखांबाचं एखादं प्रात्यक्षिक दोघांना दाखवा, खो-खोचंही दाखवा, आणि निवड त्यांच्यावर सोडा. एक आठवडा जाऊन बघायचं, मग नको वाटलं तर सोडायचं, हेही कबूल करा आणि खरंच पाळा. नातीनं मल्लखांब नाकारून फक्त फुटबॉल निवडला तर रागावू नका. घरून टर्फपर्यंतचा रस्ता आणि सोबतची ताई तरी मराठीच असेल.

मुलीला आत्ताच आणखी एक काम सांगा. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा उत्तर अमेरिकेत ठिकठिकाणी, बहुधा शनिवार-रविवारी भरतात. न्यू जर्सीत मराठी माणसं भरपूर आहेत, तेव्हा घराजवळ शाळा सापडायला हरकत नाही. प्रवेश साधारण सप्टेंबरात होतात, म्हणजे मुलं इथून गेल्यावर तीन-चार आठवड्यांत. तोवर आठवड्यातून एक फोन त्या कॉलेजातल्या ताईलाही लावून द्या. नातीकडे तिला सांगायला काहीतरी असेलच, आणि ताईशी इंग्रजी बोलायचं नाही हे तिच्या अंगवळणी पडलेलं असेल.